पागोळी

पूर्वी कोल्हापुरात भर पावसाळ्यात फुटबॉल होईल असं कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. हंगाम थंडीत सुरू व्हायचा. उन्हं चढली की माणसं डोक्यावर ओला टॉवेल टाकून तापलेल्या पायऱ्यांवर बसायची, शेंगा फोडायची, समोरच्या पेठेच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि वळवाचे ढग दिसायला लागले की गाशा गुंडाळायची. नवं स्टेडियम झालं आणि हे सगळं मोडीत निघालं. आता आषाढात बाहेर पाऊस नुसता ओततोय आणि आत तीस हजार माणसं कोरडी ठणठणीत बसून मॅच बघतायत, असा प्रकार. बरं, वर छप्परही नाही. पत्रा नाही, खांब नाही, उघडं आभाळ. गार वाटलं तर खुर्ची खालून ऊब द्यायची, उकडलं तर मानेवर वारा घालायची. जावयाचे सासुरवाडीत एवढे लाड होत नाहीत.

हे सगळं चालवणारा गडी म्हणजे धैर्यशील मांगोरे. नाव वडिलांनी हौसेनं ठेवलेलं. पोरगा माळपेठेतला, पुण्याला जाऊन इंजिनिअर झालेला, आणि ज्या कंपनीनं हे न दिसणारं छत बनवलं तिच्यात कामाला लागलेला. कंपनीनं त्याला गावच्याच स्टेडियमवर पाठवलं तेव्हा माळपेठ तालमीनं त्याचा फेटा बांधून सत्कार केला. पश्चिम स्टँडच्या माथ्यावर काचेची कंट्रोल रूम होती, तिथं बसून तो आभाळाला वळण लावायचा.

त्याचं विज्ञान तसं साधं होतं. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ शाळेत सगळ्यांनीच केलेला असतो. इथं खेळ तोच, फक्त दांडगा. स्टेडियमच्या कडेनं उंच मनोरे होते. त्यांच्यातून भारित कणांचा एक विरळ थर वर आभाळात सोडला जायचा, आणि खाली येणारा प्रत्येक थेंब त्या थरातून येताना विजेचा भार घेऊनच यायचा. त्याच्या खाली मनोऱ्यांवरून ताणलेली, डोळ्यांना न दिसणारी बारीक तारांची जाळी. तिच्यावर त्याच जातीचा भार. सारखे भार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे जाळीजवळ आलेला थेंब बिचकायचा आणि तिरका घसरत बाहेर निघून जायचा. जाळीतल्या विजेच्या दाबाला ज्या बाजूला उतार द्याल त्या बाजूला तो जाणार. टेबलावर एक चकती होती, ती फिरवली की उतार फिरायचा.

पण पाऊस थेंबभरही कमी होत नव्हता, तो नुसता सरकत होता. अख्ख्या मैदानावर जे पडायचं ते सगळं कडेच्या एका पट्ट्यात, धारेनं. कंपनीच्या भाषेत त्याला लांबलचक नाव होतं. धैर्यशीलनं पहिल्याच दिवशी त्याला पागोळी म्हटलं आणि सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. कौलाच्या कडेवरून गळते ती पागोळी, हे त्याला लहानपणापासून पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांच्या घराची पागोळी शेजाऱ्यांच्या भिंतीवर पडायची. एके वर्षी शेजारीण तोंड फुगवून बसली, तेव्हा आईनं दुसऱ्याच दिवशी पत्र्याची पन्हळ करून आणली आणि सगळं पाणी आपल्या अंगणात घेतलं. आपलं पाणी आपल्या दारात पडू दे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

नकाशात स्टेडियमचंही तसंच होतं. चारी बाजूंना पागोळीसाठी मोकळा पट्टा आणि त्याच्याखाली गटार. पण मोकळी जागा बघवत नाही ना कुणाला. पट्ट्यावर खाऊगल्ली आली, गाड्या आल्या, सेल्फीसाठी सिमेंटचा भलामोठा चेंडू आला. या सगळ्यांनाही कोरडं राहायचं होतं. मग व्यवस्थापक देवस्थळे साहेबांनी हुकूम काढला की पागोळी एकाच बाजूला पाडायची. पश्चिमेला बड्या पाहुण्यांचं फाटक, ती बाजू त्यांनी चकतीवर कुलूपबंदच करून टाकली. उत्तरेला दवाखाना. राहिल्या दक्षिण आणि पूर्व. दक्षिणेला माळपेठ, उंचावर वसलेली. पूर्वेला तळपेठ, बुजवलेल्या तळ्यावर उभी असलेली.

आता माळपेठेच्या पोराच्या हातात चकती दिल्यावर पागोळी कुठं पडणार, हे काय सांगायला पाहिजे?

दोन पेठांची खुन्नस किती जुनी, कुणालाच माहीत नाही. पण धैर्यशीलच्या घरात ती जरा अवघड होऊन बसली होती, कारण त्याची बहीण तळपेठेत दिलेली. आई गेली तेव्हा तो चौथीत होता. राजलक्ष्मीनं, म्हणजे आक्कानं, स्वतःचं कॉलेज सोडून त्याला वाढवला, त्याचे डबे भरले, तो पुण्याला निघाला तेव्हा एसटीच्या खिडकीशी उभी राहून रडली. पुढं तिनं संग्राम चिलेशी लग्न ठरवलं. तळपेठेचा जुना सेंटर फॉरवर्ड. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माळपेठेची पोरं मागून 'गोल' म्हणून ओरडली होती. धैर्यशीलचे वडीलही गेले, आणि जगात त्याचं म्हणावं असं एकच माणूस उरलं, ते स्टेडियमच्या पूर्वेच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत राहत होतं.

सुरुवातीला तळपेठकरांना धाकधूक होती की हा माळपेठेचा पोरगा आपल्या स्टँडवरचं छत मुद्दाम उघडेल. धैर्यशीलनं मग एक व्यवस्था केली आणि माइकवरून अभिमानानं जाहीर केली. प्रत्येक खुर्चीच्या हातावर दोन बटणं. हिरवं म्हणजे छत राहू दे, लाल म्हणजे बंद करा. निम्म्याहून जास्त लाल पडल्याशिवाय चालू मॅचमध्ये छत बंद होणार नाही; तो स्वतः करतो म्हणाला तरी होणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आक्कानं घरी गूळ-खोबरं वाटलं. हिरव्या बटणांच्या टक्केवारीला देवस्थळे साहेबांनी सुखांक असं नाव दिलं आणि तो आकडा मोठ्या पडद्यावर लावला.

मग थट्टा सुरू झाली. मॅचच्या आधी धैर्यशील माइक हातात घ्यायचा आणि आवाज चढवून सांगायचा, "आज पागोळी पूर्वेला!" माळपेठेचा स्टँड डोक्यावर घ्यायचा स्टेडियम. आणि पूर्वेच्या स्टँडमधून तळपेठकर एका सुरात उत्तर द्यायचे, "येऊ दे!" हे इतकं रंगलं की लहान पोरं गल्लीत त्याचाच खेळ खेळायला लागली. एकानं म्हणायचं पागोळी पूर्वेला, दुसऱ्यानं येऊ दे म्हणून छाती पुढं काढायची. तळपेठेत पाणी साचायचं, थोडाफार चिखल व्हायचा, आणि तो चिखल तुडवत तळपेठकर मोठ्या ऐटीत घरी जायचे. घाबरलो असं दाखवणार कोण?

फायनलच्या आधीच्या आठवड्यात आक्का डबा घेऊन कंट्रोल रूममध्ये आली. भाकरी आणि घेवड्याची उसळ. तो जेवेपर्यंत ती काचेतून खालचं हिरवंगार मैदान बघत बसली. मग म्हणाली की गेल्या मॅचला पाणी उंबऱ्याच्या आत आलं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचा पलंग विटांवर चढवावा लागला. भिंतीच्या बुडाशी पाणी नुसतं साठून राहतंय. नदी फुगली की गटारं उलटी वाहतात, मग तर बघायलाच नको.

"दाजींना सांग, पेठ बदला म्हणावं," धैर्यशील घास चावत म्हणाला.

आक्का हसली. तिला हसायला यायचंच त्याच्या बोलण्याचं. पण डबा बांधताना तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "थट्टा पुरे झाली आता, धैर्या. आईनं पन्हळ लावलीवती, आठवतंय का तुला?"

आठवत होतं. त्याला आतून लाजही वाटली. पण फायनल माळपेठ विरुद्ध तळपेठ होती. ऐन फायनलला पागोळी पूर्वेवरून हलवली तर पेठेत काय बोलतील? बहिणीपुढं वाकला म्हणतील. फेटा बांधणारे लोकच टोपी उडवतील. फायनल होऊ दे, मग फिरवतो, असं त्यानं तिला सांगितलं. ती बरं म्हणाली. फायनलला येणार का, असं त्यानं विचारलं तर म्हणाली, तिकिटं दोन काढलीत, आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, बरं असलं तर येईन.

फायनलच्या दिवशी पावसानं कहर केला. नदी पात्राबाहेर आली होती. दुसऱ्या कुठल्या गावात मॅच रद्द झाली असती, पण ज्या स्टेडियमची जाहिरातच पावसाळ्याची, ते पावसाला भिऊन बंद ठेवणार कसं? तीस हजार माणसं आत आली, छत्र्या मिटल्या आणि कोरड्या खुर्च्यांवर बसली. वर आभाळ फाटल्यासारखं दिसत होतं आणि खाली कुणाच्या अंगावर शिंतोडा नाही. धैर्यशीलनं माइक घेतला आणि सवयीनं म्हणाला, आज पागोळी पूर्वेला. येऊ दे, म्हणून पूर्व स्टँड गरजला. त्यात संग्राम दाजी सगळ्यांत पुढं, डाळिंबी जर्सी घालून. त्यांच्या शेजारची खुर्ची मोकळी होती.

मध्यंतरानंतर थोड्याच वेळात तळपेठेनं गोल केला. एक-शून्य. माळपेठेच्या स्टँडवर प्रेतकळा आली. आणि तेवढ्यात आक्काचा फोन आला.

ती ओरडत नव्हती, पण तिचा श्वास लागला होता. घरात गुडघ्याच्या वर पाणी आलंय. दार बाहेर उघडतं, बाहेरच्या पाण्यानं दाबून धरलंय, उघडत नाही. खिडकीतनं ती एकटी निघू शकेल, पण सासूबाईंना कसं काढणार? दाजी फोन उचलत नाहीत. "फिरव रे पागोळी," ती म्हणाली. "एवढं कर."

फिरवतो, थांब, म्हणून त्यानं फोन ठेवला आणि हात चकतीवर नेला. दक्षिण एवढीच मोकळी बाजू होती. समोरच्या पडद्यावर माळपेठेचा चौक दिसत होता. तिथं मोठा स्क्रीन लावलेला, पागोळी नव्हती, नुसता पाऊस पडत होता, आणि पेठेची सगळी माणसं छत्र्या, प्लास्टिकचे कागद डोक्यावर धरून बरोबरीच्या गोलची वाट बघत उभी होती. सत्कार करणारे तेच, लहानपणी खांद्यावर घेणारे तेच. त्यांच्यावर, हरत असताना, आपल्या हातानं धारा सोडायच्या?

त्याचा हात तिथंच थांबला. आणि मग त्याच्या हुशार डोक्यात एक तोड निघाली. लोकांनाच विचारायचं. लाल बटणं पडली की छत बंद, पाऊस सगळ्यांवर सारखा, दोष कुणाचाच नाही. तळपेठेच्या स्टँडमध्ये तर तळपेठेचीच माणसं बसलेली, ती लाल दाबणारच. माळपेठेतले थोडे दाबतील. झालं काम. मिनिटाभराचाच प्रश्न होता, म्हणून त्यानं आक्काला फोन लावला आणि धीर देण्यासाठी एक वाक्य बोलून टाकलं.

"फिरवली बघ, आक्का. आता उतरंल पाणी. तू घरातच थांब, गल्लीत लई ओढ असंल."

"फिरवलीस? बरं झालं बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम सैल झाला.

देवस्थळे साहेब शेजारीच उभे होते. काय करायचंय ते ऐकल्यावर त्यांनी सांगितलं की विचारायचं तर विचार, पण गल्लीचं नाव नको, घराचं नाव नको, उगाच चेंगराचेंगरी व्हायची. धैर्यशीलनं माइक उघडला.

"पूर्वेला, तळपेठेत, पाणी शिरतंय," तो म्हणाला. "छत बंद करायला पाहिजे. सगळ्यांनी लाल दाबा."

मग माळपेठेचा स्टँड खदखदून हसला. हंगामभर ज्या तोंडून थट्टाच ऐकली, त्या तोंडचं दुसरं काय समजणार? एका गोलनं हरतायत, म्हणून पावसात मॅच बुडवायचा डाव टाकला पठ्ठ्यानं, असंच दोन्ही पेठांना वाटलं. माळपेठेला डाव आवडला, पण ऊबदार खुर्ची सोडून भिजायची तयारी त्यांच्यातही कुणाची नव्हती. आणि तळपेठ तर पेटलीच. पूर्वेच्या स्टँडमधली हजारो माणसं उभी राहिली आणि कधी नव्हे इतक्या जोरानं ओरडली.

"येऊ दे!"

धैर्यशीलनं कॅमेरा पूर्वेवर नेला. संग्राम दाजी खुर्चीवर चढले होते. काचेच्या खोलीकडं बघून अंगठा खाली करून दाखवत होते आणि खाली वाकून हिरवं बटण दाबत होते. मग त्यांनी शेजारच्या मोकळ्या खुर्चीचंही हिरवं दाबलं. मोठ्या पडद्यावर सुखांक सरसर चढत शंभराच्या पार जवळ जाऊन थांबला. इतका तो कधीच गेला नव्हता. देवस्थळे साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, लोकांनी कौल दिलाय म्हणाले, आणि माइक बंद केला.

धैर्यशीलनं दाजींना फोन लावला. पडद्यावर त्याला ते दिसत होते, खिशातला फोन वाजतोय आणि ते नाचतायत. त्यानं पुन्हा लावला. आक्काला लावला, तर तिचा दुसरीकडं चालू होता. अजूनही चकती समोरच होती. पेठेत तोंड कसं दाखवायचं, हा एकच किडा त्याच्या डोक्यात वळवळत होता. तो किडा त्याला त्या वेळी केवढा मोठा वाटला, हे पुढं त्याला कुणाला समजावून सांगता आलं नाही. पूर्वेच्या कॅमेऱ्यात गल्लीतले दिवे एकदम गेले, तेव्हा कुठं त्याचा हात हलला आणि त्यानं चकती दक्षिणेला सणसणून फिरवली.

माळपेठेच्या चौकात धारा कोसळल्या. धैर्यशील डोळे फाडून बघत राहिला. माणसं आधी दचकली. मग कुणीतरी छत्री फेकून दिली, हात वर केले आणि नाचायला लागला. बघता बघता अख्खा चौक त्या पाण्यात नाचायला लागला. पेठ उंचावरची, पाणी पडत होतं तसं उतारानं चारी बाजूंनी निघून जात होतं. कुणाचा उंबराही भिजला नाही. कुणी त्याला एक शिवीसुद्धा दिली नाही.

पूर्वेची भिंत त्याच्या थोडं आधीच गेली होती. महिनाभर बुडाशी पाणी पिऊन ती आतून मऊ झालेली. ती पडली ती थेट चिल्यांच्या घरावर. आतल्या गोंगाटात तिचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही. मॅच शेवटपर्यंत झाली, तळपेठ जिंकली, कप वर उचलला गेला, तोवर पाऊसही थांबला, आणि गुलाल उधळत, नाचत माणसं पूर्वेच्या फाटकातून बाहेर पडली. फाटकाबाहेर पाणी होतं आणि पाण्यात विटा होत्या.

आक्का आणि तिच्या सासूबाई एकाच पलंगावर सापडल्या. म्हातारीला वर धरून ती बसली होती.

दवाखाना उत्तरेलाच, अगदी जवळ. तिथल्या व्हरांड्यात संग्राम दाजी बाकावर बसले होते. कमरेपर्यंत चिखल, वर मात्र जर्सी कोरडी आणि केसांत गुलाल. धैर्यशील विटा उपसून आला होता, नखशिखांत भिजलेला. तो त्यांच्यासमोर उभा राहिला. दाजी आता उठून आपला गळा धरतील, असं त्याला वाटत होतं. किंबहुना धरावा, असंच वाटत होतं. दाजी उठले नाहीत.

"मी हिरवं दाबलं," ते खाली बघत म्हणाले. "तिच्या खुर्चीचंबी मीच दाबलं."

दाजींनी खिशातून फोन काढला. तिनं निरोप ठेवला होता, मॅचमध्ये ऐकूच आला नाही, म्हणाले, आणि लावला. पाण्याच्या खळखळाटातून आक्काचा आवाज आला. निवांत होता, थोडा दमलेला.

"अवो, ऐकताय का? पाणी लई आलंवतं, पण घाबरू नका. धैर्यानं पागोळी फिरवलीय. खिडकीतनं निघून शेजारनं माणसं आणणार हुते, पण थांब म्हणालाय, म्हणून थांबलीय. आत्याबाई बऱ्या हायत. तुम्ही मॅच बघूनच या."

निरोप संपला. दाजींनी पहिल्यांदाच मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कुठं फिरवलीवतीस रे?"

धैर्यशीलच्या बाहीतून फरशीवर पाणी गळत होतं. "कुठंच न्हाई, दाजी," तो म्हणाला.

दाजींनी मान हलवली आणि निरोप पुन्हा पहिल्यापासून लावला.